सायकल ट्रायल्स: आधी उभं राहणं, मग उडी

सायकल ट्रायल्स म्हणजे दगड-खडकांसारख्या अडथळ्यांवरून पाय न टेकता सायकल नेण्याचा खेळ. तो शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच दिवशी दगडावर उडी मारायची असते. शिकवणारा मात्र त्यांना सायकलवर जागच्या जागी उभं राहायला लावतो. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, गुडघे किंचित वाकलेले, एकेक बोट ब्रेकवर आणि नजर चाकावर नव्हे, थोडी पुढे. हे जमलं की दोन्ही चाकांवर जागच्या जागी उड्या, मग पुढचं चाक उचलणं. नुसत्या मागच्या चाकावर उड्या मारत तोल सांभाळणं सगळ्यात शेवटी. क्रम कंटाळवाणा वाटतो खरा, पण हा खेळही साधारण याच क्रमाने घडत गेला.

त्याचं मूळ मोटरसायकलमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटरसायकल हे तसं बेभरवशाचं यंत्र होतं. चढ चढेल की मध्येच दम तोडेल, हे विकत घेणाऱ्यालाही ठाऊक नसे. म्हणून ब्रिटनमध्ये गाड्यांचा कस पाहणाऱ्या चाचण्या भरू लागल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली स्कॉटलंडची ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’, तिची सुरुवात १९०९ची. गाड्या सुधारत गेल्या तसा कस गाडीऐवजी स्वाराचा लागू लागला. खडक, ओढा, चिखल यांतून आखून दिलेल्या टप्प्यात वेगाला किंमत नाही. कडेला उभा असलेला पंच पाहतो ते पाय टेकला का एवढंच. एकदा टेकला की एक दंडगुण, टप्पा पारच झाला नाही तर पाच, अशी पद्धत पुढे रूढ झाली. माझ्या मते या खेळातली झाडून सगळी कौशल्यं या एका नियमाच्या पोटी जन्मली आहेत. पाय टेकायची मुभा असती तर उभं राहायला शिकायची गरज कुणाला पडली असती?

हा खेळ ब्रिटनबाहेर रुजला तो स्पेनमध्ये, त्यातही बार्सिलोनाच्या आसपास. उत्तर आयर्लंडचा सॅमी मिलर ‘बुल्टाको’ या कंपनीकडे गेला आणि त्याने तिच्यासाठी ‘शेर्पा टी’ ही हलकी गाडी घडवण्यात मोठा वाटा उचलला. त्याच गाडीवर त्याने १९६५ची स्कॉटिश स्पर्धा जिंकली. शेजारच्या ‘मोंटेसा’ कंपनीत पेरे पी हा मोटोक्रॉसचा, म्हणजे खडबडीत मैदानावरच्या मोटरसायकल शर्यतींचा, नामांकित स्वार गाड्यांच्या चाचण्या घेत असे आणि ट्रायल्सच्या ‘कोटा’ या गाडीवर काम करत असे. त्याचा मुलगा ओट वडिलांचं पाहून तेच सगळं आपल्या छोट्या सायकलवर करू लागला. त्यातून मोंटेसाने मुलांसाठी खास ट्रायल्सच्या सायकली काढल्या, आणि १९८०च्या सुमारास मुलांच्या स्पर्धाही भरू लागल्या. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ म्हणजे यूसीआयने १९८६पासून जागतिक अजिंक्यपद सुरू केलं. ओट पुढे जगज्जेता झाला. १९९२मध्ये पेरे पी आणि मंडळींनी ‘बाइकट्रायल’ नावाने वेगळी आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तेव्हापासून नियमांचे दोन संसार चालू राहिले. त्या भांडणाचा तपशील नवशिक्याच्या काही कामाचा नाही.

कामाचं आहे ते सायकलने मोटरसायकलपेक्षा काय वेगळं केलं, हे. सायकलला इंजिन नाही, म्हणजे बंद पडायची धास्ती नाही. थांबा, दोन्ही ब्रेक आवळा, जागच्या जागी उडी मारत चाकाची दिशा बदला आणि मग पुढच्या दगडाचा विचार करा. नवशिक्याला उड्या मारत जागेवरच पाव वळण घ्यायला लावतात ते याचसाठी. पुढे हे तंत्र उलट्या दिशेने मोटरसायकलकडेही गेलं. जोर्डी तारेस सायकलवरून मोटरसायकलवर आला आणि १९८७ ते १९९५ या काळात सात वेळा जगज्जेता झाला. थांबून उड्या मारणं इतकं बोकाळलं की २०१३मध्ये मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेत ‘थांबायचं नाही’ हा नियम पुन्हा आणावा लागला. सायकलवाल्यांनी मात्र थांबणं हीच आपली कला मानली.

नुसतं उभं राहणं मात्र ट्रायल्सवाल्यांनी शोधलेलं नाही. ट्रॅकस्टँड, म्हणजे सायकलवर जागच्या जागी उभं राहणं, आला वेलोड्रोममधून, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोलाकार ट्रॅकवरून. स्प्रिंट शर्यतीत मागे राहणाऱ्याला पुढच्याच्या आडोशाचा फायदा मिळतो, म्हणून दोघेही दुसऱ्याने पुढे जावं यासाठी थांबून राहत. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जोव्हानी पेट्टेनेल्ला आणि पिएर त्रांतां असे २१ मिनिटं ५७ सेकंद एकमेकांसमोर अडून राहिले होते. त्यांच्या सायकलींना ब्रेक नसत आणि फ्रीव्हीलही (पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) नसे, त्यामुळे पॅडल मागे दाबलं की सायकल मागे येई. ट्रायल्सच्या सायकलवर ही सोय नाही. तिथे हलका चढ मदतीला घ्यावा लागतो: पुढच्या पायाने पॅडलवर किंचित दाब, पुढचं चाक थोडं त्याच पायाच्या बाजूला वळवलेलं. दाब वाढवला की सायकल पुढे सरकते, सैल केला की उतार तिला मागे आणतो. चाक वळवलेलं असल्याने हे पुढे-मागे होणं पुढच्या चाकापाशी आडव्या सरकण्यात बदलतं, आणि चाक तुमच्या वजनाखाली येत राहतं. सरळ चाकावर हाच प्रयत्न करणारे हँडल जोरजोरात हलवत राहतात आणि पाय टेकून मोकळे होतात.

मागच्या चाकावरच्या उड्या रुजायला ब्रेकची वाट पाहावी लागली. सायकल उभी करून मागच्या चाकावर टिकायचं तर ते चाक बोटाच्या दाबाने जागीच गच्च बसायला हवं. तारेवरच्या साध्या ब्रेकने, त्यातही ओल्या रिमवर, ते धड होत नसे. जर्मनीच्या ‘मागुरा’ने १९८७मध्ये तेलाच्या दाबावर चालणारा रिम ब्रेक आणला आणि ट्रायल्सवाल्यांनी तो उचलून धरला. तेवढ्यावर भागेना म्हणून लोक रिमवरून ग्राइंडर फिरवू लागले. अशा रिमवर बोट फिरवलं तर कानशीसारखे बारीक ओरखडे लागतात, आणि ब्रेक धरला की कान किटतील अशी किंचाळी निघते. स्पर्धेच्या सायकलींवर फ्रीव्हील मागच्या चाकातून क्रँकपाशी, म्हणजे पॅडलच्या दांड्यांपाशी, आलं. त्यात दाते इतके जवळ की पॅडल दाबताच पकड बसते. मागच्या चाकावर उभं असताना पॅडलला एक झटका देऊन पुढे झेप घ्यायची, ती याच पकडीवर. ती उशिरा बसली तर झेपच फसते. मागच्या टायरमध्ये हवा कमी, आणि वीस इंची सायकलवर तर सीटच नाही. थकल्यावर बसायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक नवा मुलगा विचारतो.

स्पर्धेबाहेर हे लोण पसरवण्याचं मोठं श्रेय हान्स रे याला. युरोपातल्या स्पर्धांत घडलेला हा स्वार १९८७मध्ये अमेरिकेला गेला आणि माउंटन बाइकच्या मेळाव्यांतून प्रात्यक्षिकं दाखवू लागला. दुसरी लाट आली एप्रिल २००९मध्ये. एडिंबराच्या एका सायकल दुकानात काम करणारा डॅनी मॅकॅस्किल टोकदार खांबांच्या लोखंडी कुंपणावरून सायकल नेताना यूट्यूबवर दिसला, आणि रस्त्यावरच्या ट्रायल्सला जगभर चाहते मिळाले. या प्रकारात सीट असते, चाकं बहुधा चोवीस इंची, आणि बीएमएक्स या छोट्या कसरतीच्या सायकलींवरचा बनी हॉप, म्हणजे चालत्या सायकलवर दोन्ही चाकं उचलून मारलेली उडी, इथे खूप आधी शिकवला जातो. ते रास्तच आहे. भिंतीवर चालत्या सायकलने चढायचं तर बनी हॉप हवा. खडकावर थांबत थांबत चढायचं तर मागच्या चाकावरचा तोल हवा.

यूसीआयच्या स्पर्धेत आता दंड मोजण्याऐवजी गुण कमवायचे असतात. टप्प्यात सहा फाटकं (सायकल ज्यांमधून न्यायची त्या खुणा), प्रत्येकाचे दहा गुण. पाय टेकल्याची नोंद मात्र पंच अजूनही ठेवतो, आणि पाचव्यांदा टेकला की त्या टप्प्यातून बाहेर.