‘नाकारलेला संघ’ : एका सुवर्णपदकामागचा वाद

२०२५ च्या नोव्हेंबरात साउथ डकोटातल्या सू फॉल्स इथे अमेरिकेची कर्लिंगची ऑलिंपिक निवडस्पर्धा झाली. कर्लिंग म्हणजे चौघांच्या संघाने बर्फावरून जड दगड घसरवत ‘घर’ नावाच्या वर्तुळात थांबवण्याचा खेळ. पाच ऑलिंपिक खेळलेला आणि २०१८ मध्ये देशाला कर्लिंगचं पहिलंवहिलं सुवर्ण मिळवून देणारा स्किप, म्हणजे कप्तान, जॉन शूस्टर तिथे एका तरुण संघाकडून हरला. या खेळाडूचा विषय निघाला की ‘संघटनेने ज्याला नाकारलं, त्यानेच सोनं आणलं’ हे वाक्य ठरलेलं; संघटना म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय कर्लिंग संघटना. वाक्य चटकदार आहे, पण अर्धंच खरं.

मागचं थोडक्यात. स्कॉटलंडहून आलेल्या मंडळींनी हा खेळ अमेरिकेत नेला. मिलवॉकीतला क्लब १८४५ पासून अखंड चालू आहे. पुढे तो घट्ट रुजला मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये. हा स्किप त्याच भागातला, लोहखाणींच्या पट्ट्यातल्या चिझम गावचा, जन्म १९८२. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये तो लीड होता, म्हणजे प्रत्येक एंडला (डावाला) संघाचे सुरुवातीचे दोन दगड सोडणारा. संघ मिनेसोटातल्याच बेमिजीचा, कप्तान पिझ्झाचा व्यवसाय करणारा. त्या संघाने आणलेलं कांस्य हे अमेरिकेचं कर्लिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्यानंतर हा पठ्ठ्या त्या संघातून बाहेर पडला आणि स्वतःच स्किप झाला.

इथून घसरण सुरू होते. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये पहिले चारही सामने गेले. शेवटचा दगड हातात आणि सामना त्या एका दगडावर, अशी वेळ पुन्हा पुन्हा आली आणि दगड चुकत राहिला. पाचव्या सामन्याला, फ्रान्सविरुद्ध, प्रशिक्षकांनी कप्तानालाच बाहेर बसवलं आणि राखीव खेळाडूला घेतलं. अमेरिका ४-३ जिंकली! तो लगेच संघात परतला, पण अखेर दोन विजय, सात पराभव आणि दहापैकी दहावा क्रमांक. इंटरनेटवर लोकांनी त्याच्या आडनावाचं क्रियापद केलं; अर्थ, ऐन मोक्याच्या क्षणी माती खाणे. २०१४ ला सोचीत पुन्हा दोन विजय, सात पराभव. या वेळी नववा क्रमांक. महिला संघ तर तळाला गेला.

आता तो वादाचा निर्णय. तोवरची पद्धत अशी की चार मित्र आपापला संघ जमवत, क्लबमध्ये सराव करत आणि जो संघ निवडस्पर्धा जिंकेल तो ऑलिंपिकला जाई. क्रिकेटसारखी निवड समिती बसून अकरा जण निवडते, तसा प्रकार नव्हता. संघ आधी, देश नंतर. सोचीनंतर राष्ट्रीय संघटनेने ठरवलं की हे पुरे. खेळाडूंना एकेकटं बोलवायचं, तंदुरुस्ती आणि दगडावरची पकड तपासायची, निवडलेल्यांना पैसा, प्रशिक्षक आणि सरावाची सोय द्यायची आणि संघही संघटनेनेच जुळवायचे. २०१४ च्या उन्हाळ्यात मिनेसोटातल्या ब्लेन इथे ही चाचणी झाली. यादी लागली, त्यात दोन ऑलिंपिकच्या या कप्तानाचं नाव नव्हतं.

त्यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. जुन्या क्लबवाल्यांचा आक्षेप असा की कर्लिंगमधला संघ म्हणजे लग्नासारखा. पत्रिका जुळवून मिळवलेल्या चौघांना बर्फ वाचताना एकमेकांचं मन कळत नाही. संघटनेची बाजू मात्र सहसा कुणी मांडत नाही, म्हणून इथे मांडतो. सलग दोन ऑलिंपिकमध्ये मिळून अठरापैकी चारच सामने जिंकलेल्या कप्तानाला पुन्हा पैसे का द्यायचे, हा प्रश्न कुठल्याही खजिनदाराने विचारला असता. ऑलिंपिकचा पैसा पदकांच्या मागे जातो. चाचणीत त्याला घेतलं असतं तर ‘ओळखीच्या माणसाला सांभाळून घेतलं’ अशी ओरड झालीच असती.

त्याने काय केलं, तर व्यायाम वाढवला, वजन उतरवलं आणि संघटनेच्या या नव्या कार्यक्रमाबाहेरच्याच आणखी तिघांना घेऊन संघ बांधला. ‘रिजेक्ट्स’ हे बिरुद त्यांनी स्वतःच हसत मिरवलं. एक जण दारूचं दुकान सांभाळणारा, एक अभियंता. स्किप खेळसाहित्याच्या दुकानात नोकरीला. २०१५ ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली.

घोळ होतो तो इथून पुढे. त्या विजयानंतर संघटनेने याच संघाला आपल्या कार्यक्रमात सामावून घेतलं. २०१६ ला बाझेलमध्ये जागतिक कांस्य मिळालं, २०१७ ला एडमंटनमध्ये चौथा क्रमांक आला, त्या वर्षी ओमाहात ऑलिंपिकची निवडस्पर्धा जिंकली, हे सगळं कार्यक्रमात आल्यावर. म्हणजे ‘नाकारलेले’ हे विशेषण जेमतेम एका हंगामाला लागू होतं. २०१८ च्या ऑलिंपिकला प्याँगचांगला गेलेला संघ संघटनेच्याच छत्राखालचा होता. उलट बाजूही तितकीच खरी आहे: चौघं जमले ते संघटनेमुळे नव्हे, तिच्या नकारामुळे. श्रेय कुणाचं, यावर क्लबच्या बाकांवर अजून वाद झडतात. मला विचाराल तर नकाराचं पारडं जरा जड आहे.

प्याँगचांगची सुरुवातही जुन्याच वळणाची, दोन विजय आणि चार पराभव. मग कॅनडा, स्वित्झर्लंड, ब्रिटन असे तिघे लागोपाठ हरवून संघ उपांत्य फेरीत पोचला आणि तिथे कॅनडाला पुन्हा ५-३ ने नमवलं. अंतिम सामन्यात स्वीडनशी सात एंडनंतर ५-५. आठव्या एंडला शेवटचा दगड अमेरिकेचा. कॅरममध्ये स्ट्रायकरने एक सोंगटी उडवून दुसरीही काढावी, तसे एका दगडात स्वीडनचे दोन दगड घराबाहेर गेले आणि अमेरिकेला पाच गुण मिळाले. शेवट १०-७. त्या संघातल्या एकाचे बूट इतके जुने आणि फाटके होते की त्यांच्यावरही बातम्या झाल्या. बक्षीस समारंभात गळ्यात पडलेली पदकं महिला स्पर्धेची निघाली, ती मागून बदलून दिली.

२०२२ ला बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात अमेरिकेच्या ध्वजवाहकांमध्ये शूस्टर होता. उपांत्य फेरीत ब्रिटनने आणि कांस्याच्या सामन्यात कॅनडाने हरवलं, चौथा क्रमांक राहिला. आणि सुरुवातीला सांगितलेली सू फॉल्सची अंतिम लढत, तीनपैकी दोन सामने जिंकेल तो विजेता अशी होती.