पॅरेंट कॅन्सल झाला, मग चाइल्डचं काय?

कॉम्प्युटरमध्ये एका चालू कामाने दुसरं काम सुरू केलं की पहिलं पॅरेंट, दुसरं चाइल्ड. बेळगावच्या उद्यमबागेत काम केलेल्या माणसाला हा घोळ कॉम्प्युटरशिवायच कळतो. कास्टिंगची ऑर्डर आली, पॅटर्न एकाकडे दिला, ओतकाम फौंड्रीत, मशीनिंग जॉबवर्कला तिसरीकडेच, आणि चार दिवसांनी पार्टी म्हणते ऑर्डर कॅन्सल! आता मशीनिंगवाल्याला फोन कोण करणार? तो बिचारा लेथ चालवत बसलाय की.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पॅरेंट प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मेली म्हणून चाइल्ड मरत नाही, ती अनाथ होते आणि साधारणपणे पीआयडी १ वाली, म्हणजे सगळ्यात आधी सुरू होणारी इनिट प्रोसेस तिला दत्तक घेते. लोकांना उलटं वाटतं कारण टर्मिनल बंद केलं की आतलं बहुतेक सगळं बंद पडतं, पण ते टर्मिनल बंद झाल्याचा निरोप, म्हणजे हँगअप सिग्नल, जातो म्हणून, नात्यामुळे नाही.

मग १९८७ ला हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी सागा मांडलं: डेटाबेसमधल्या लांबलचक ट्रान्झॅक्शनचे (व्यवहाराचे) तुकडे करायचे आणि मधेच फसलं तर झालेल्या तुकड्यांची भरपाई करणारी उलटी कामं चालवायची. भरपाई म्हणजे पुसून टाकणं नव्हे बरं का, ओतलेलं लोखंड परत भट्टीत घालता येतं पण वीज गेली ती गेलीच.

बीपेल या बिझनेस प्रोसेस लिहायच्या भाषेत, जी २००७ ला ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झाली, सबप्रोसेस हा प्रकारच नव्हता, दुसरी प्रोसेस बोलवायची ती वेब सर्व्हिस म्हणून, म्हणजे पॅरेंट थांबला तरी तिला पत्ता नाही. आयबीएम आणि सॅपने २००५ मध्येच त्यावर प्रस्ताव दिला होता, पण स्टँडर्डात तो आला नाही.

माझ्या मते खरी सुधारणा ॲमेझॉनच्या एसडब्ल्यूएफने (सिंपल वर्कफ्लो सर्व्हिस, टप्प्याटप्प्याची कामं चालवणारी सेवा) केली, २०१२ मध्ये. पॅरेंट सुरू करतानाच सांगायचं, तो मेला तर त्याच्या चाइल्डचं काय: टर्मिनेट, रिक्वेस्ट कॅन्सल की अबँडन. टर्मिनेट म्हणजे थेट मान पिरगाळणं, आवराआवरीला वेळच नाही. रिक्वेस्ट कॅन्सलमध्ये निरोप जातो, चाइल्ड आपलं आवरून थांबते. अबँडन म्हणजे जा बाबा, तुझं तू बघ. पण ही पॉलिसी पॅरेंट टर्मिनेट झाला किंवा त्याचा टाइमआऊट झाला तरच लागू व्हायची.

एसडब्ल्यूएफवर काम केलेल्यांनीच पुढे उबरमध्ये केडन्स आणि नंतर उबरबाहेर टेम्पोरल ही तसलीच सॉफ्टवेअरं काढली, तिथं तेच तीन पर्याय ‘पॅरेंट क्लोज पॉलिसी’ म्हणून आले. टेम्पोरलमध्ये पॅरेंट कसाही बंद होऊ दे, अगदी काम नीट संपवून का असेना, पॉलिसी लागतेच, आणि काही लिहिलं नाही तर टर्मिनेट. त्यामुळे पॅरेंट चाइल्ड सुरू करून तिची वाट न बघता मजेत संपतो आणि मागे चाइल्ड अर्ध्यात मारली जाते, मग आपण लॉगमध्ये एरर शोधत बसतो जो नाहीच.