संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी कोणी स्थापन केली?

गरिबांना मदत करणारी ही कॅथोलिक सोसायटी खुद्द संत व्हिन्सेंट यांनी स्थापन केली आणि ती धर्मगुरू चालवतात, असा समज आपल्या धर्मग्रामांतही (पॅरिशमध्येही) वर्षानुवर्षे ऐकू येतो. नावामुळे तसे वाटणे स्वाभाविक असले, तरी तो खरा नाही. संत व्हिन्सेंट 1660 मध्येच निवर्तले. सोसायटीची पहिली सभा पॅरिसमध्ये 23 एप्रिल 1833 रोजी भरली आणि ती भरवणारे होते प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले सामान्य श्रद्धावंत. त्यांतील फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याचा त्याच दिवशी विसावा वाढदिवस होता, तर अध्यक्षपद एमान्युएल बायी या वयाने मोठ्या, संसारी पत्रकाराकडे होते. ‘तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो?’ या विरोधकांच्या प्रश्नाला या तरुणांनी वाद न घालता, गरिबांच्या घरी जाऊन उत्तर दिले. भेटीला कसे जावे, हे त्यांना सिस्टर रोझली रान्दू या व्रतस्थ भगिनीने शिकवले. तिचे हे ऋण विसरता कामा नये. संत व्हिन्सेंट यांना सोसायटीचे आश्रयदाते संत म्हणून स्वीकारले गेले, ते त्यानंतर.

आजही पदाधिकारी सभासदांतूनच निवडले जातात आणि धर्मगुरूंची भूमिका आध्यात्मिक मार्गदर्शकाची असते. सभेत दानासाठी एक पिशवी फिरते; प्रत्येक जण मूठ झाकून तीत हात घालतो, म्हणजे कोणी किती दिले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. 1997 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्ये ज्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, ते ओझानाम प्राध्यापक होते, पती होते आणि एका मुलीचे वडील होते.