मेमधला १५० आणि डिसेंबरातला १५०

एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, चढला की हवा वाईट, हे आता ग्वाल्हेरच्या लश्कर भागात घरोघरी ठाऊक आहे. तरीही ‘उन्हाळ्यात १५० होता, थंडीतही १५०च, मग काळजी कसली?’ हे दरवर्षी ऐकू येतं. ही गफलत आता थांबायला हवी.

पीएम १० म्हणजे हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सगळे कण, पीएम २.५ त्यांतलेच २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक. दोन्हींची बेरीज करू नका. व्याख्या एवढीच.

खरी मेख हिशेबात आहे. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक निघतो आणि त्यांतला सर्वांत मोठा, तोच एक्यूआय. सरासरी नव्हे. मे महिन्यात राजस्थानकडून आंधी येते, रस्त्याकडेची माती उडते. तेव्हाचा १५० बहुधा पीएम १०चा, म्हणजे घनमीटरमागे सुमारे १७५ मायक्रोग्रॅम. डिसेंबरातला १५० पीएम २.५चा, सुमारे ७५ मायक्रोग्रॅम. वजन निम्म्याहून कमी, पण हे कण नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणून आकड्याशेजारचा ‘प्रमुख प्रदूषक’ आधी वाचा. नुसता आकडा ग्रुपवर ढकलणाऱ्यांनी निदान तेवढं तरी लिहावं.

शंका असेल तर पीएम २.५ला पीएम १०ने भागा. १७५मागे पन्नासेक, म्हणजे ०.३च्या आसपास आलं तर धूळ. ०.६च्या पुढे गेलं तर धूर: वाहनांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा. धुळीला रस्त्यावर पाणी मारणं, घरात ओलं फडकं फिरवणं, तोंडाला रुमाल बांधणं बऱ्यापैकी पुरतं. धुरापुढे रुमाल कुचकामी. कडेने हवा न शिरणारा एन-९५ मास्कच हवा.

जाड धूळ लवकर खाली बसते, त्यामुळे महाराजबाड्यावरचा पीएम १० थाटीपूरला लावू नये. बारीक धुराचं तसं नाही. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. त्या झाकणाखाली धूर कोंडून शहरभर पसरतो, मुरारही सुटत नाही. ऊन चढेपर्यंत झाकण हलत नाही, म्हणून डिसेंबरात पहाटेचा फेरफटका सगळ्यांत वाईट. दुपारी निघा. सकाळी दिसणारा एक्यूआय मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. बाहेर पडण्यापूर्वी तासाचे आकडे पाहा.

घरच्या लेझर सेन्सरवरही डोळे मिटून विसंबू नका. जाड धूळ तो कमी मोजतो, आणि दाट धुक्यात पीएम २.५ जास्त दाखवतो, कारण ओल शोषून कण फुगलेले असतात.