ओरडणारे दात वेगळेच असतात

दसऱ्याला शेजारच्या काकाजींच्या जुन्या डिझेल जीपची पूजा झाली. झेंडूचा हार, हळदीकुंकू, चारही चाकांखाली लिंबं. गाडी अंगणातून मागे काढायला काकाजींनी रिव्हर्स टाकला आणि अशी 'कर्रर्र' झाली की ओसरीवरची पोरं दचकली. "दात गेले बापा! गिअरबॉक्सच टाका आता नवा," कुणीतरी निकाल दिला. लिंबं नीट चिरडली गेली नाहीत, असंही एकाचं म्हणणं पडलं.

लिंबांचं सोडा. पण 'दात गेले' हे निदान आपल्याकडे पानठेल्यावर फुकट मिळतं, आणि बहुतेक वेळा चुकीचं असतं.

गाडी पुढे नेणाऱ्या गिअरांच्या दातेरी चाकांच्या जोड्या बऱ्याच गाड्यांत कायम एकमेकींत गुंतून फिरत असतात. आपण दांडी हलवतो तेव्हा ती चाकं सरकतच नाहीत. प्रत्येक जोडीतलं एक चाक त्याच्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. दांडीमुळे एक दातेरी कडं, म्हणजे स्लीव्ह, सरकतं आणि त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडतं. या जखडणीसाठी चाकाच्या कडेला बारीक दात असतात, त्यांना डॉग दात म्हणतात. करकरतात ते हे. ओझं ओढणारे मोठे दात बिचारे शाबूत असतात.

करकरायचं कारण वेग. समजा तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.५ (म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे दीड फेरे) आणि दुसऱ्याचं २.३ आहे. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल तर बाहेर जाणारा शाफ्ट १६६७ फेरे घेतो. त्याच वेळी दुसऱ्या गिअरचं मोकळं चाक त्याच शाफ्टवर फक्त १०८७ फेऱ्यांनी फिरत असतं. गतिरोधक आला, दुसरा टाकायचाय; ५८० फेऱ्यांचा फरक असलेले दात जुळणार कसे?

पूर्वी ही जुळवणी ड्रायव्हरचा पाय करायचा. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत एक युक्ती आली, सिंक्रोमेश, आणि मला विचाराल तर मोटारीतली सगळ्यात सुंदर वस्तू तीच. चाकाला एक पोलादी शंकू आणि त्यावर बसणारी पितळी रिंग. स्टीलचे दोन पेले एकात एक बसले की किती घट्ट होतात ते आठवा. शंकूचा उतार साडेसहा अंशांच्या आसपास असला, तर रिंगवर दहा किलोचा दाब दिला की शंकूच्या भिंतीवर तो जवळपास नऊपट होऊन पडतो. त्या घर्षणानं चाकाचा वेग शाफ्टशी जुळतो. उतार याहून फार कमी ठेवला तर पेल्यांसारखंच रिंग अडकून बसेल.

खरी गंमत पुढे आहे. घर्षण चालू असेपर्यंत रिंग किंचित वळलेली असते, आणि तिचे तिरपे दात स्लीव्हच्या वाटेत आडवे येतात. वेग सारखे झाले की रिंगला वळवणारा जोर संपतो आणि ती बाजूला होते. म्हणजे चौकीदार स्वतःच मोजतो आणि स्वतःच फाटक उघडतो. रिंगच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात. ते शंकूवरचं तेल कापून काढतात. आटे झिजून गुळगुळीत झाले की रिंग तेलावरून घसरते, चौकीदार डुलक्या घेतो आणि स्लीव्ह सरळ डॉग दातांवर आदळते.

आणखी एक. क्लच दाबला की इंजिन गिअरबॉक्सपासून सुटतं, मग रिंगला फक्त क्लच प्लेट, आतला शाफ्ट आणि गिअरांची चाकं यांचाच वेग बदलायचा असतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर तिला अख्ख्या इंजिनाशी झुंजावं लागतं. तिथे पितळ हरतं.

म्हणून तपासणी क्लचपासून. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबायचं, मग रिव्हर्स टाकायचा. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतो; तेवढ्या वेळात आतली चाकं थांबायला हवीत, तरीही करकरला तर क्लच पुरता सुटत नाही. वायर ताणून सैल झाली असेल, हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली असेल किंवा प्लेट वाकली असेल. रिव्हर्स शांत आणि चालत्या गाडीत एकच गिअर करकरतो, तोही वरून खाली येताना, तर त्या गिअरची रिंग. खाली येताना आधी कळतं, कारण तिथे चाकांचा वेग वाढवावा लागतो आणि तेलाचा अडथळा उलट तो कमी करत असतो. डिसेंबरच्या पहाटे तेल घट्ट असताना म्हणूनच जास्त आवाज.

तेलही बघा. मॅन्युअलमध्ये गिअर तेलाचा दर्जा जीएल-४ लिहिला असेल तर जीएल-५ दर्जाचं नको. त्यातली गंधकाची रसायनं काही वेळा पितळ खातात. आणि 'ओता, गिअर लोण्यासारखा' म्हणणाऱ्या बाटल्या तर नकोतच. रिंगला पकड हवी असते, लोणी नको. जुनं तेल उन्हात धरलं आणि त्यात सोनेरी चमक दिसली तर ते रिंगचं पितळ समजा.

काकाजींच्या जीपमध्ये क्लचची वायर ढिली निघाली. मिस्त्रीनं ती आवळली, रिव्हर्स बिनआवाज पडला. दुसरा मात्र खाली येताना अजून खरखरतो, आणि काढलेलं तेल चमकतंय. "कापूस जिनिंगले पोचू दे, मंग पाहू," म्हणतात. तोवर दुसरा टाकताना न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, पुन्हा क्लच, असं पूर्वीच्या ड्रायव्हरांसारखं पायानं वेग जुळवणं त्यांचं चाललंय, नि त्या वेळी आवाज येत नाही.