फोर्जिंगवरची काळी पपडी म्हणजे कवच नव्हे

‘ती काळी पपडी राहू दे, गंजापासून तीच वाचवते,’ हा सल्ला फोर्जिंगबद्दल, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या पार्टबद्दल, भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर अजूनही मिळतो. पपडी अखंड असती तर त्यात थोडंफार तथ्य असतं. पण ती अखंड राहतच नाही.

सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला तापवलेलं पोलाद हवेत आलं की त्यावर लोहाच्या ऑक्साइडचे तीन थर चढतात: आत जाडसर वुस्टाइट, मध्ये मॅग्नेटाइट, वर हेमटाइटचा पातळ पापुद्रा. सगळं ठिसूळ. पार्ट थंड होताना पोलाद आणि पपडी सारखे आकसत नाहीत, म्हणून तडे जातात. भिंग धरलं तर केसासारख्या रेघा दिसतात. तिथे ओल शिरली की पपडी होते कॅथोड (जो शाबूत राहतो) आणि उघडं पोलाद अॅनोड (जो झिजतो). केवढा मोठा कॅथोड आणि इवलासा अॅनोड! मग गंज पसरत नाही, खड्डा पाडत खोल जातो. वरून मारलेला रंगही पपडीलाच धरतो आणि तिच्यासकट सुटतो.

म्हणून पपडी काढायला शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छऱ्यांचा जोरदार मारा, नाहीतर अॅसिडची टाकी. टाकीबद्दलही एक भ्रम आहेच: जास्त वेळ बुडवलं की जास्त स्वच्छ. पपडी गेल्यावर अॅसिड पोलादच खातं. त्यातून निघणारा हायड्रोजन कडक बोल्ट-स्प्रिंगमध्ये शिरला तर ते लोडखाली अचानक तुटतात. अॅसिडमध्ये मिसळलेल्या इनहिबिटर नावाच्या रसायनाने पोलाद कमी खाल्लं जातं, पण अशा पार्टना मी तरी ब्लास्टिंगच सांगेन.