भाव जिकडे, सौदा तिकडे

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी माळ्यावर आतोबांची एक लांबट, लाल बांधणीची वही आहे. आतोबा सियागंजातल्या एका पेढीवर मुनीम होते. रोज संध्याकाळी ते सोयातेलाचा दहा किलोचा भाव उतरवून ठेवत आणि महिन्यातला सर्वांत वरचा व खालचा आकडा लाल शाईने गोल करत. भावाने वरचा गोल मोडला, म्हणजे तो त्याच्याही वर गेला, की समासात 'घे', खालचा मोडला की 'दे'. का वाढला, का पडला, याबद्दल वहीत एक शब्द नाही.

यालाच आज ट्रेंड फॉलोइंग म्हणतात: भावाचा कल ज्या बाजूला, त्या बाजूने सौदा. त्यात पैसा आहे का, हा प्रश्न हल्ली इंदूरच्या मराठी घरांत पोह्यांच्या बशीबरोबर निघतो, कारण प्रत्येक घरात एक तरी पोरगा मोबाइलवर निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरांचा निर्देशांक, बघत बसलेला असतो. माझ्या मते पैसा आहे. पण तो ज्या रीतीने मिळालेला आहे ती रीत आणि या पोरांची रीत यांत फार अंतर आहे.

सौदे-सट्ट्याचं या शहराला नवल नाही. होळकरांच्या राज्यात माळव्याची अफू इंदूरहून मुंबईला आणि तिथून चीनला जाई. १९०७ मध्ये ब्रिटिशांनी चीनला जाणारी अफू दरवर्षी घटवत नेण्याचा करार केला. माल कमी होत जाणार हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी तेजी धरून ठेवली. सेठ हुकुमचंदांनी (१८७४–१९५९) अफूत आणि पुढे कापसात केलेल्या सौद्यांच्या गोष्टी सराफ्यात अजून सांगतात. इतवारियातलं काचमंदिर त्यांनीच बांधलं. अर्थात, त्या तेजीत जे बुडाले त्यांची मंदिरं कुणी दाखवत नाही. सट्ट्याच्या इतिहासात ही खोड कायमची आहे.

नियम म्हणून ही गोष्ट लिहिली गेली ती बाहेर. तोटा लवकर तोडा, नफा चालू द्या, हे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोच्या नावावर सांगितलं जाणारं सूत्र १८३८ मध्ये छापलेलं सापडतं. अमेरिकेत चार्ल्स डाऊने १८८४ मध्ये शेअरभावांची सरासरी काढायला घेतली आणि रोजची चढउतार निराळी, मोठी भरती-ओहोटी निराळी, असं मांडलं. पण पक्क्या नियमावर लोकांचा पैसा फिरवण्याचं काम रिचर्ड डोन्चियनचं. १९४९ मध्ये त्याने वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या तारखेचा माल आजच्या ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या करारांत, गुंतवणारा फंड काढला. पुढे त्याच्या नावाने गाजलेला नियम असा: चार आठवड्यांतला वरचा भाव मोडला की घ्या, खालचा मोडला की विका. आतोबांनी हे नाव आयुष्यात ऐकलं नसणार, पण वहीतले गोल तेच सांगतात.

यापुढचा किस्सा शिकागोचा. तिथला बडा सौदेकरी रिचर्ड डेनिस म्हणे सौदे करणं शिकवता येतं; त्याचा भागीदार विल्यम एकहार्ट म्हणे, ते रक्तात असावं लागतं. पैज लागली. १९८३ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देऊन नवखी माणसं निवडली, दोन आठवडे नियम घोटवून घेतले आणि डेनिसने स्वतःचा पैसा त्यांच्या हाती दिला. यांना 'टर्टल्स' म्हणत. वीस किंवा पंचावन्न दिवसांचा उच्चांक मोडला की खरेदी, दहा किंवा वीस दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर. खरी शिकवण निराळीच होती: एका सौद्यात भांडवलाच्या दोनेक टक्क्यांहून जास्त जोखीम नाही, आणि सोनं, मका, रोखे, चलन असे अनेक बाजार एकाच वेळी. त्यांतल्या बऱ्याच जणांनी चिक्कार कमावलं. खुद्द डेनिसला मात्र १९८७-८८ मध्ये असा फटका बसला की त्याने लोकांचे पैसे सांभाळणं थांबवलं.

विद्यापीठांना हे पटायला वेळ लागला. मागच्या भावावरून पुढचा भाव कळत नाही, हे तिथलं प्रमाण मत. १९९३ मध्ये जेगदीश आणि टिटमन यांनी अमेरिकी शेअरांत दाखवलं की तीन ते बारा महिने पुढे असलेले शेअर पुढचे काही महिनेही पुढे राहतात. २०१२ मध्ये मॉस्कोविट्झ, ऊई आणि पेडरसन यांनी ५८ वायदे तपासले. गेल्या बारा महिन्यांची दिशा पुढच्या महिन्यातही बऱ्यापैकी टिकत होती. कारण काय, यावर अजून भांडण आहे. बातमी लोकांच्या गळी हळूहळू उतरते आणि मग कळप उशिरा धावतो, हे मला त्यातल्या त्यात पटतं.

आता हिशेब बघा. दहा सौदे. सहांत पाच-पाच हजार गेले: तीस हजार तोटा. तिघांत सहा-सहा हजार आले: अठरा हजार. एकात चाळीस हजार. एकूण अठ्ठावीस हजार नफा. तो एक सौदा चुकला, त्या दिवशी लग्नाला गेलात किंवा सहा तोट्यांनी धीर सुटून बसलात, तर बारा हजार तोटा. सगळी विद्या त्या एका सौद्याच्या वेळी हजर असण्यात आहे. २००८ हे तसं वर्ष. निफ्टी वर्षात निम्म्याहून अधिक पडला, आणि जगभरचे कलाने चालणारे फंड मंदीच्या बाजूने बसून, म्हणजे आधी विकून मग स्वस्तात घेऊन, कमावत होते. त्यानंतर बरीच वर्षं कोरडी गेली. २०२२ मध्ये व्याजदर चढले तेव्हा पुन्हा पाऊस पडला.

आपल्याकडे २०२१ चं सोयाबीन आठवा. वर्षाच्या सुरुवातीला क्विंटलला साडेचार हजारांच्या आसपास, ऑगस्टमध्ये दहा हजारांच्या घरात. मग सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवं पीक आलं, आणि भाव घसरत पाच-सहा हजारांवर. कलाने चालणाऱ्याला ना तळ मिळतो ना शेंडा. मधला तुकडा मिळतो. तोही बाहेर पडता आलं तर, कारण खालचं सर्किट, म्हणजे भाव दिवसात घसरू शकेल ती हद्द, लागलं की घेणारा समोर नसतो. त्याच वर्षी २० डिसेंबरला बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सोयाबीन, सोयातेलासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ही बंदी पुढे वाढवत नेली. सोयाबीनच्या या शहरात सोयाबीनचाच कल बाजारात धरण्याची सोय गेली.

उरला निफ्टी, आणि तोही आठवड्याचे ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा आठवड्यापुरता हक्क. इथे भाव तुमच्या बाजूने गेला तरी रेंगाळत गेला तर प्रीमियम, म्हणजे त्या हक्कासाठी मोजलेली किंमत, वितळून जातो. दिवसाला दहा सौदे केले की दलाली आणि कर प्रत्येक वेळी. ऑक्टोबर २०२४ पासून ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला. सेबीने २०२२ ते २०२४ ही तीन आर्थिक वर्षं तपासली तेव्हा फ्युचर्स (वायदे) आणि ऑप्शन्समधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक सौदेकऱ्यांना तोटा झालेला निघाला. एकूण रक्कम १.८ लाख कोटींच्या वर. यांतल्या बहुतेकांना विचारलं तर 'ट्रेंड बघूनच घेतलं होतं' असंच सांगतील.

आतोबांच्या वहीत एका पानावर ओळीने सात वेळा 'तोटा' आहे. आठव्या ओळीत 'घे' लिहून खोडलंय. पुढच्या पानांवर भाव सलग चढत गेलेला दिसतो. लाल गोल आहेत, समास कोरा.